रॉकेट वर गेलं, धूर कुठे गेला?

स्क्रीनवर जी पांढरी रेघ दिसतेय ना, ती बघा. लॉन्चच्या वेळी सगळ्यांची नजर रॉकेटवर असते, ही रेघ पुढे कुठे जाते ते बघायला कोणी थांबत नाही.

कार्बन डायऑक्साइडचं म्हणाल तर रॉकेटं विमानांच्या आसपासही नाहीत, जगभरची विमानं जेवढं इंधन जाळतात त्याच्या एक टक्कासुद्धा रॉकेटं जाळत नाहीत, आणि म्हणून बरेच जण विषय तिथेच सोडून देतात. पण जमिनीजवळची काजळी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत पावसाबरोबर खाली येते. केरोसीनवर चालणारं रॉकेट मात्र काजळी थेट स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात सोडतं, तिथे पाऊसच नाही, मग ती दोन-तीन वर्षं तिथेच फिरत राहते, ऊन शोषून घेते आणि आजूबाजूची हवा तापवते. 2022 च्या एका अभ्यासात असं निघालं की तापमान वाढवण्यात ही काजळी खालच्या काजळीपेक्षा जवळपास 500 पट भारी पडते. पाचशे पट!

हायड्रोजनवाल्या इंजिनातून काजळी येत नाही, मुख्यतः वाफ येते. सॉलिड बूस्टरचं, म्हणजे उड्डाणाला जोर देणाऱ्या घन इंधनाच्या जोड-रॉकेटांचं प्रकरण वेगळंच. स्पेस शटलला असे दोन बूस्टर असायचे, प्रत्येकात सुमारे 500 टन इंधन, आणि ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो, त्यातलं क्लोरीन ओझोन तोडतं. याच क्लोरीनमुळे 1987 मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, फ्रीज आणि स्प्रेमधले वायू हळूहळू बंद केले गेले, पण रॉकेटच्या धुरावर त्यात काहीच बंधन नाही. 2023 पासून जगात वर्षाला 200 च्या वर लॉन्च होतायत आणि तरीही ही पळवाट तशीच आहे, हे मला फार खटकतं.

आणि जे वर जातं ते खालीही येतंच की. नासाच्या खूप उंच उडणाऱ्या विमानाने स्ट्रॅटोस्फिअरमधले कण तपासले, तेव्हा सल्फ्युरिक ॲसिडच्या साधारण 10 टक्के कणांमध्ये ॲल्युमिनियम, तांबं, लिथियम असे धातू सापडले, जळालेल्या रॉकेटचे आणि सॅटेलाइटचे. 250 किलोचा एक सॅटेलाइट जळला की अंदाजे 30 किलो ॲल्युमिनियम ऑक्साइडची अतिबारीक पूड तयार होते, ओझोनच्या थरापर्यंत उतरायला तिला 30 वर्षंसुद्धा लागू शकतात, आणि आत्ता वर फिरणाऱ्या हजारो सॅटेलाइट्सपैकी बहुतेकांचं आयुष्य जेमतेम पाच-सात वर्षांचं आहे.