पाना, गॅस्केट आणि गार केलेले अणू

श्रोतेहो, नमस्कार.

केंद्र सरकारनं एप्रिल २०२३मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. सुमारे सहा हजार कोटी रुपयांचं. तेव्हापासून क्वांटम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चकचकीत संगणक उभा राहतो. त्या संगणकाबद्दल आज मी फारसं बोलणार नाही. चिपळूण, देवरूख, कणकवली, सावंतवाडीला बी.एस्सी. करणाऱ्या आणि फिजिक्स घेऊन पुढे काय, हा प्रश्न घरच्यांकडून रोज ऐकणाऱ्या मुलामुलींशी मला बोलायचंय. माझं घर रत्नागिरीजवळ, आणि सध्या मी पुण्यात क्वांटम भौतिकीच्या एका संशोधन गटात पीएच.डी. करते. आमचा गट अणू गार करतो.

गार करतो म्हणजे काय? त्यांचा वेग कमी करतो. खोलीच्या तापमानाला रुबिडियमचा अणू सेकंदाला सुमारे तीनशे मीटर वेगानं धावत असतो. त्याला थोपवायचं ते प्रकाशानं. समोरून लेसर सोडायचा. प्रकाशाचा एक कण अणूनं गिळला की त्याचा वेग सेकंदाला साधारण सहा मिलिमीटरनं कमी होतो. भागाकार तुम्हीच करा, पन्नास हजारांच्या आसपास धडका लागतात. पण त्या इतक्या भराभर बसतात की काही मिलिसेकंदांत काम होतं. आता कुणी विचारेल, मागून येणारा लेसर त्याच अणूला पुढे ढकलणार नाही का? फाटकाशी उभं राहिलं की येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी ऐकू येते आणि गाडी पुढे गेली की उतरते, तसंच प्रकाशाचंही होतं. म्हणून लेसरची वारंवारता मुद्दाम किंचित कमी ठेवतात. जो अणू लेसरच्या दिशेनं येतोय, त्यालाच तो प्रकाश नेमका जुळतो. बाकीच्यांना जवळपास लागत नाही. या युक्तीनं अणू निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे ज्याखाली तापमान जाऊच शकत नाही त्या टोकाच्या, वर एका अंशाच्या हजाराव्या भागाहूनही खाली आणता येतात. स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानुजी आणि विल्यम फिलिप्स यांना १९९७चं नोबेल याच कामासाठी मिळालं.

हे झालं पुस्तकातलं. प्रयोगशाळेत पाय ठेवला की पहिले काही महिने हातात पाना येतो. अणूंना हवेचा धक्का लागू नये म्हणून स्टीलच्या पात्रात अतिशय चांगली निर्वात पोकळी लागते. पात्राचे भाग फ्लँजनं, म्हणजे बोल्टसाठी भोकं असलेल्या जाड कडांनी, जोडायचे, मध्ये फट बुजवणारी तांब्याची चकती, म्हणजे गॅस्केट, आणि बोल्ट आवळायचे ते समोरासमोरचे, थोडेथोडे, आळीपाळीनं. एकच बाजू आवळत गेलात तर गळती ठरलेली. एकदा आवळलेलं गॅस्केट पुन्हा वापरायचं नाही. मिरकरवाड्यात होडीचं इंजिन खोलणाऱ्या माणसाला यातलं काहीच नवीन वाटणार नाही, आणि मला वाटतं, अशा घरातून आलेल्या मुलाला प्रयोगशाळेत पहिल्या दिवसापासून जरा जास्त कळतं. आतल्या भागाला उघड्या बोटाचा स्पर्शही चालत नाही, कारण बोटाचं तेल पोकळीत महिनोन् महिने सुटत राहतं. मग सगळं पात्र हीटिंग टेपमध्ये गुंडाळून कित्येक दिवस तापवायचं. गळती शोधायची तर सांध्यांवर हेलियम फवारायचा आणि तो आत शिरला का, हे दाखवणाऱ्या यंत्राचा काटा बघत बसायचं.

पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. लेसरचा डायोड ठरावीक तापमानाला धरून ठेवावा लागतो. ते तापमान दवबिंदूच्या खाली गेलं की त्यावर पाणी धरतं. हवेतल्या ओलाव्यानं वस्तू कशा सादळतात, हे कोकणातल्या माणसाला काय सांगायचं!

पैशाचं स्पष्ट बोलते, कारण घरी पहिला प्रश्न तोच असतो. नेट परीक्षेतून ज्युनियर रिसर्च फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,००० आणि वर घरभाडं. श्रीमंती नाही, पण घरून पैसे मागावे लागत नाहीत. कधीकधी रक्कम उशिरा जमा होते, तेवढी शिल्लक गाठीशी असू द्या. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं सहज जातात आणि त्यातली मधली दोन फार कठीण. गावातले वर्गमित्र नोकरीला लागलेले असतात, आपल्याकडे दाखवायला एक आलेखही नसतो. अशा वेळी दर आठवड्याची ग्रुप मीटिंग नकोशी होते. मी म्हणेन, तेव्हाच जा. तिथे इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, गप्प बसणं चालत नाही. आणि गणपतीची तिकिटं काढताना गाईडना आधीच सांगून ठेवा, नाहीतर लेसर नेमका चतुर्थीच्या आदल्या दिवशी सुरळीत चालू लागतो.

एकट्यानं बेटावर बसून शोध लावण्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. जून १९२५. परागकणांच्या त्रासानं बेजार झालेला तेवीस वर्षांचा वेर्नर हायझेनबर्ग उत्तर समुद्रातल्या हेल्गोलांड बेटावर गेला आणि तिथे त्यानं क्वांटम यांत्रिकीचा पाया घातला. खरी गोष्ट, पण अर्धी. परत आल्यावर त्यानं मांडलेल्या विचित्र गुणाकारात मॅट्रिक्स, म्हणजे ओळी-रकान्यांत मांडलेल्या संख्या, दडलेत हे ओळखलं जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनच्या माक्स बॉर्ननं. पास्कुआल योर्डान सोबतीला आला आणि वर्ष संपायच्या आत तिघांनी मिळून तो सिद्धांत नीट उभा केला. बेट सगळ्यांच्या लक्षात राहतं, बॉर्नच्या खोलीतला फळा कुणी सांगत नाही.

आता कामाचं. एम.एस्सी. किंवा इंटिग्रेटेड पीएच.डी.साठी जॅम आणि जेस्ट या प्रवेशपरीक्षा बघा. त्याआधी, बी.एस्सी.त असतानाच, एखादी सुट्टी खऱ्या प्रयोगशाळेत काढा. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी फेलोशिप देतात, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही विद्यार्थ्यांसाठी असा कार्यक्रम आहे. अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी भरावे लागतात आणि त्यासोबत शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. ते आयत्या वेळी मागू नका. दिवाळीच्या सुट्टीआधीच सरांना, मॅडमना भेटा आणि आपण काय वाचलंय, काय करून पाहिलंय हे एका कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. पत्र लिहिणाऱ्यालाही लिहायला काहीतरी लागतं.

नमस्कार.