जस्त, तांबं आणि कोंबडीचं पोट

पहाटे शेडचा पडदा वर केला की आत काय चाललंय ते आधी नाकाला कळतं. अमोनियाचा भपकारा आला म्हणजे लिटर, म्हणजे जमिनीवर अंथरलेला तुसाचा थर, ओलं झालंय. मग मूठभर तूस उचलायचा, दाबायचा, मूठ उघडली तरी गोळा तसाच राहिला तर समजायचं की एकतर पाणी सांडतंय नाहीतर पिल्लांची पोटं बिघडलीयेत. अशा वेळी बरीच वर्षं उपाय ठरलेला, पाण्याच्या टाकीत अँटिबायोटिकची पावडर टाका. आणि कित्येक ठिकाणी तर आजाराची वाटसुद्धा बघायची नाही, खाद्यातच रोज चिमूटभर अँटिबायोटिक, पक्षी लवकर वजनावर यावा म्हणून.

ही सवय लागली कशी तेही गमतीशीर आहे. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत लेडर्ली कंपनीत थॉमस ज्यूक्स पिल्लांसाठी बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते, त्यांनी ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक बनवून उरलेला चोथा खाऊ घातला आणि पिल्लं नुसत्या बी-१२ ने वाढली असती त्यापेक्षा जास्त वाढली. म्हणजे चोथ्यात राहिलेल्या औषधाची ती करामत होती. पुढं जंतू त्या औषधांना सरावले. स्वीडननं १९८६ मध्ये वाढीसाठीची अँटिबायोटिक्स बंद केली, युरोपियन युनियननं १ जानेवारी २००६ पासून. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये जनावरं-कोंबड्यांना द्यायच्या कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली, कारण आयसीयूत बाकी सगळं संपलं की डॉक्टरांच्या हातात उरणाऱ्या मोजक्या औषधांतलं ते एक, आणि आपण ते खाद्यात कालवत होतो!

मग आता काय? इथं खनिजं येतात. हे बघा, आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर, एकीला एक शिवल्यासारखा, आणि ती शिवण घट्ट राहायला जस्त लागतं. शिवण उसवली की क्लॉस्ट्रिडियमसारख्या जंतूंचं फावतं, त्यात आधी कॉक्सी, म्हणजे परजीवीमुळं होणारा आतड्याचा आजार, येऊन गेली असेल तर बघायलाच नको. मका-सोयात जस्त असतं पण दाण्यातल्याच फायटेट नावाच्या घटकानं धरून ठेवलेलं, पक्ष्याला पुरेसं मिळत नाही, म्हणून वरून घालावं लागतं. साधं झिंक सल्फेट स्वस्त पडतं, चिलेटेड, म्हणजे अमिनो आम्लासारख्या रेणूत बांधलेलं जस्त, महाग, पण ते फायटेटच्या तावडीत कमी सापडतं.

पावसाळ्यात मक्याला बुरशी लागते, तेव्हा बेंटोनाइट कामाला येतं. ही माती अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष आपल्या थरांत अडकवते आणि विष्ठेतून बाहेर नेते, बुरशीच्या बाकीच्या विषांवर मात्र तिचा फारसा जोर चालत नाही. झिओलाइट हे सच्छिद्र खनिज अमोनिया धरतं, म्हणून ते लिटरमध्येही टाकतात. खाद्यात वापरतात तो त्यातला क्लिनोप्टिलोलाइट, आपल्याकडच्या ह्युलंडाइट या झिओलाइटचा सख्खा भाऊ. पुणे, नाशिक, जळगावकडच्या काळ्या कातळात ह्युलंडाइटचे इतके देखणे स्फटिक सापडतात की ते जगभरच्या म्युझियममध्ये जाऊन बसलेत, कोंबडीच्या पोटात कोण घालणार!

आता घोळ कुठं होतो ते सांगतो. ब्रॉयलरची मूळ गरज किलोभर खाद्यात जस्त ४० मिलिग्रॅम आणि तांबं फक्त ८. पण तांबं शे-दीडशेच्या पुढं नेलं की जंतू मरतात, वजन वाढतं, मग लोकांना वाटतं झालं, सापडलं नवीन अँटिबायोटिक. तसंच झालंय, दुर्दैवानं. डेन्मार्कमध्ये डुकरांतल्या एन्टरोकोकस जंतूंत तांबं पचवणारं जीन आणि अँटिबायोटिकला दाद न देणारी जीन्स एकाच प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतू एकमेकांना देऊ शकतात अशा डीएनएच्या कडीवर, सापडली, म्हणजे तांबं चारा आणि अँटिबायोटिकचा रेझिस्टन्स फुकटात सांभाळा. शिवाय अंगी न लागलेलं सगळं लिटरमध्ये, लिटर शेतात. डुकराच्या पिल्लांना औषध म्हणून द्यायचं भरमसाट झिंक ऑक्साइड युरोपनं जून २०२२ मध्ये बंद केलं ते याच काळजीनं.

त्यामुळं माझं मत विचाराल तर खनिजं गरजेपुरतीच, आणि अँटिबायोटिकच्या जागी एकटं जस्त उभं करू नका, ते तेवढं ओझं उचलत नाही. कारण ते औषध नुसतं जंतू मारत नव्हतं, आपला गलथानपणा पण झाकत होतं. पाणी पिण्याचा गळका निपल, दाटीवाटीनं भरलेली पिल्लं, दोन बॅचमध्ये आठवडाभरसुद्धा रिकामं न ठेवलेलं शेड, सगळं खपून जायचं. आता खपत नाही. म्हणून प्रीमिक्सची, म्हणजे खाद्यात मिसळायच्या खनिज-मिश्रणाची, गोणी फोडायच्या आधी टॉर्च घेऊन निपलच्या लाइनीखालून एक चक्कर मारायची आणि जिथं तूस काळा पडलाय तिथला वॉशर बदलायचा.