सूर्य पाठीशी, धुकं समोर

नमस्कार, श्रोतेहो.

पावसाळ्यात धबधब्यांचे फोटो काढायला एकट्यानं डोंगरावर जायचं आणि रात्र वरच काढायची, या बेताबद्दल आज बोलायचं आहे. ठिकाण घेऊ हरिश्चंद्रगड, वाट अकोले तालुक्यातल्या पाचनईची. मुक्काम कशासाठी? कारण खरा उजेड पहाटेचा असतो. सकाळी निघून दुपारी पोचणाऱ्याला तो कधीच मिळत नाही. गड अभयारण्यात आहे, तेव्हा वर तंबू ठोकता येईल का, त्या आठवड्यात वनखात्याचा नियम काय, हे पाचनईतच विचारून घ्या. तिथल्या एका घरी आपलं नाव, जायची वाट आणि परतायची वेळ सांगून ठेवा. तेवढंच घरीही कळवा.

आता सॅक. बाहेरच्या रेनकव्हरवर विसंबू नका. पाठ आणि सॅक यांच्या फटीतून पाणी ओघळतं आणि शिवणीतून आत शिरतं. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, तिचं तोंड पीळ देऊन बांधा. कॅमेरा त्या पिशवीत, झाकणाला रबर असलेल्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. तांदूळ घालू नका. तांदळाची भुकटी लेन्सच्या सांध्यात बसते. ट्रायपॉड, जादा बॅटऱ्या, कोरडे कपडे, जेवण धरून ओझं बारा किलोच्या आत ठेवा. जुन्या मऊ पंच्याचे चार तुकडे करून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. लेन्सवर तुषार आले की टिपायचे, घासायचे नाहीत.

अंगावर काय घ्यायचं? रेनकोटात माणूस घामानंच भिजतो. आपल्याकडचं इरलं फार शहाणपणाचं होतं. बांबूच्या कामट्या, वर पानं, पाठ झाकलेली, दोन्ही हात मोकळे, वाकून भात लावला तरी खाली वारा खेळता. आता ते विणणारे हात कमी झाले, आणि आपण ते दिवाणखान्यात शोभेला टांगतो. हे मनाला लागतं. असो. छत्री मात्र न्या, कॅमेऱ्यावर धरायला.

वाटेत ओढे लागतात. एकट्या माणसासाठी नियम एकच: पाणी गुडघ्याच्या वर, तर परत फिरायचं. काठावर पाण्याच्या रेषेशी एक दगड ठेवा. पाच मिनिटांत तो बुडाला, किंवा पाणी गढूळ होऊन पालापाचोळा वाहून येऊ लागला, तर वर कुठेतरी जोराचा पाऊस झालाय आणि लोंढा येतोय. तुमच्या डोक्यावर आभाळ कोरडं असलं तरी. ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडा. तोल गेला तर सॅक टाकता आली पाहिजे. पुन्हा सांगतो: पाणी गुडघ्याच्या वर, तर परत फिरायचं. उतरतानाही हाच नियम.

फोटोचं थोडक्यात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनक्षमता, १००. छिद्र, म्हणजे लेन्समधून उजेड आत येण्याची वाट, एफ ८ ते एफ ११. पाण्याचे धागे दिसायला हवेत तर शटर पाव ते एक सेकंद उघडं. चार सेकंद दिले तर पाण्याचा कापूस होतो, पोत जातो. काळ्या कातळावरचं पांढरं पाणी कॅमेऱ्याला फसवतं. कातळ पाहून तो उजेड वाढवतो आणि पाणी जळून जातं, म्हणून एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्मा. धुक्यात उलटं. पांढऱ्याला तो करडं समजतो, म्हणून एक स्टॉप वाढवा, म्हणजे उजेड दुप्पट. कोकणकड्यावर, म्हणजे गडाच्या कोकणाकडच्या सरळ तुटलेल्या कड्यावर, कोकणातून येणारा वारा धबधब्याचं पाणी वर उडवतो. तिथे थेंब गोठवायला शटर एक सेकंदाचा हजारावा भाग. आणि कड्याच्या टोकाशी उभं राहायचं नाही. पालथं पडायचं, कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं, त्याकडे येऊ.

विल्यम हेन्री साइक्स नावाचा कंपनी सरकारचा एक लष्करी अधिकारी होता. दख्खनची शिरगणती, शेती, पक्षी, मासे, हवापाणी, सगळ्याच्या नोंदी हा माणूस करत हिंडला. हरिश्चंद्रगडावर, कड्याच्या काठाशी, तो घोडा आणि बरोबरची माणसं घेऊन उभा होता. खाली कोकण धुक्यानं भरलेलं. ते धुकं कड्याला लागून वर चढत होतं, कड्याच्याही वर भिंतीसारखं उभं राहिलं होतं, पण पठारावर येत नव्हतं. पाण्याला उलटं उडवणारा वारा हे धुकंही सरळ वर नेतो. साइक्सच्या मागे स्वच्छ ऊन, सूर्य अगदी खाली. ध्यानात धरा: सूर्य पाठीशी, धुकं समोर.

आणि समोर धुक्यावर उमटलं पूर्ण गोल इंद्रधनुष्य. कमान नव्हे, वर्तुळ. अर्धं पायांच्या पातळीच्या वर, अर्धं खाली दरीत. त्याच्या अंदाजानं पन्नास-साठ फूट व्यासाचं, रंग ठसठशीत. मधोमध, चौकटीत चित्र बसवावं तशा, सावल्या: तो स्वतः, त्याचा घोडा, त्याची माणसं.

त्याच्या माणसांना ते पटेना. त्या आकृत्या आपल्याच, हे कसं मानायचं? मग त्यांनी काय केलं? हात हलवले. पाय झाडले. अंग नाना तऱ्हांनी वाकवून पाहिलं. वर्तुळातल्या आकृत्यांनी तसंच केलं, तेव्हा खातरी पटली. ही माणसं कोण, कुठल्या गावची, त्यांची नावं नोंदीत नाहीत. साहेबाचं नाव राहिलं. पण डोळ्यांना दिसलं ते पडताळून पाहायचं, हे त्या कड्यावर त्यांनी केलं, आणि ते फार मोलाचं आहे.

एक दुरुस्ती. साइक्सनं हे १८३५ साली पाहिलं असं सर्रास सांगतात. १८३५ हे लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ते छापून आल्याचं साल. तो १८३१ मध्येच विलायतेला परतला होता. पाहिलं ते त्याआधी.

हेच आपलं इंद्रवज्र. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून सूर्य पाठीशी मिळतो तो सकाळीच, आणि म्हणूनच मुक्काम वर. भर जुलैत ऊनच नसतं. पाऊस उघडीप देऊ लागतो त्या भाद्रपदाच्या सुमारास आशा धरावी. गडावरच्या मंदिराजवळच्या गुहांपासून कडा अर्ध्या तासावर. धुक्यात वाट चुकते, तेव्हा आदल्या संध्याकाळी उजेडात एकदा चालून या आणि पहाटे पाचला निघा.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर, काढून ठेवा. इंद्रधनुष्याचा प्रकाश ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो. फिल्टर चुकीचा फिरला तर धनुष्याचा काही भाग फोटोतून पुसलाच जातो. धबधब्याच्या तुषारांत धनुष्य दिसलं तरी हेच. धुक्यात ऑटोफोकस भटकतो, तो हातानं लावा. वर्तुळाचा मध्य म्हणजे तुमच्या डोक्याची सावली, त्यामुळे शेजारी कोणी उभं असलं तर त्याचं वर्तुळ वेगळं, तुमचं वेगळं. सूर्य पाठीशी, धुकं समोर. आकृती दिसली की आधी एक हात वर करून पाहा. तिनं हात वर केला, की मग शटर दाबा.

नमस्कार.