७३ बॉल

[दृश्य: स्कोअरकार्ड, अगदी जवळून. त्यावरून फिरणारं बोट.]

हे बेसबॉलचं स्कोअरकार्ड जरा नीट बघा. कोपरे दुमडलेत, खाली कॉफीच्या कपाचा गोल डाग पडलाय, पण पेन्सिल अजून स्पष्ट वाचता येते. एक चौकट म्हणजे एका बॅटरची एक पाळी. जिथे इंग्रजी के लिहिलाय तिथे बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन आउट, आणि तोच के आरशात दिसावा तसा उलटा काढला असेल तर गडी बॅट न हलवता नुसता बघत राहिला आणि आउट झाला. आजोबा बोटाने मोजतायत. एक, दोन, तीन... नऊ. दर वेळी नऊच भरतात, तरी मोजतात.

२७ ऑक्टोबर २०२०. वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या फायनलची सहावी मॅच (चार जिंकेल तो विजेता), टँपा बे रेज विरुद्ध लॉस एंजलिस डॉजर्स. कोव्हिडमुळे दोघांचीही घरची मैदानं सोडून मॅच टेक्ससमधल्या आर्लिंग्टनला, आणि आजोबा इकडे फ्लोरिडात टीव्हीसमोर, मांडीवर हेच कार्ड. सिरीजमध्ये डॉजर्स ३-२ ने पुढे, म्हणजे ही हरली की रेजचा खेळ खल्लास.

रेजचा पिचर, म्हणजे आपला बॉलर, ब्लेक स्नेल, डावखुरा. पाच इनिंग (तीन आउट झाले की एक इनिंग) आणि वर एक आउट, ७३ बॉल, दोन हिट, वॉक, म्हणजे चार बॉल बाहेर टाकून बॅटरला फुकट दिलेला बेस, एकही नाही, आणि ते नऊ के. (बेसबॉलमध्ये बॉल म्हणजे खरं तर फक्त स्ट्राइक झोनबाहेर गेलेला, पण आपण आपल्या क्रिकेटच्या सवयीने सगळ्यालाच बॉल म्हणू, चालवून घ्या.) पहिल्याच इनिंगमध्ये रेजच्या रँडी अरोझारेनाने होमरन, म्हणजे आपला सिक्सरच, मारलेला, त्यामुळे रेज १-० ने पुढे.

आता कार्डाच्या वरच्या तीन ओळी, डॉजर्सचे पहिले तीन बॅटर. मुकी बेट्स, कोरी सीगर, जस्टिन टर्नर. तिघं मिळून सहा वेळा स्नेलसमोर उभे राहिले आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट. सहावी इनिंग, एक आउट, नवव्या नंबरचा ऑस्टिन बार्न्स एक साधा सिंगल मारून फर्स्ट बेसवर पोचतो, आणि त्याच्या चौकटीखाली ही आडवी रेघ. पिचर बदलला की अशी रेघ ओढतात. बाकी सगळं कार्ड हलक्या हाताने लिहिलंय.

[दृश्य: कार्ड उलटं, उजेडात धरलेलं. रेघ मागून उठलेली दिसते. पाच सेकंद काही बोलायचं नाही.]

रेजचा मॅनेजर केविन कॅश डगआउटमधून बाहेर आला आणि त्याने स्नेलला काढलं.

त्या रात्रीचं फुटेज इथे दाखवता येत नाही, त्याचे हक्क मेजर लीगकडे आणि आमचं बजेट म्हणजे तीन विमान तिकिटं आणि एक ट्रायपॉड. पण तोच कॅश, तशीच चाल, हे २०२५ चं आहे, आम्ही स्टँडमधून मोबाइलवर घेतलं म्हणून हलतंय.

[दृश्य: कॅश माउंडकडे, म्हणजे पिचर उभा असतो त्या उंचवट्याकडे, चालत जातो. हात पुढे. पिचर बॉल त्याच्या हातात ठेवतो.]

हे बघायलाच विचित्र वाटतं, निदान मला तरी, मी डोंबिवलीच्या गल्लीत टेनिस बॉलवर वाढलेला माणूस. क्रिकेटमध्ये बॉलर बदलायचा तर कॅप्टन दुसऱ्याकडे बॉल फेकतो, काढलेला बॉलर जाऊन फाइन लेगला उभा राहतो, वाटलं तर दहा ओव्हरने परत बोलावतात. इथे तसं नाही. मॅनेजर हा खेळत नसलेला माणूस, तरी अंगात टीमचीच जर्सी, तो चालत मधोमध येतो, हात पसरतो, आणि पिचरने मुकाट्याने बॉल द्यायचा. आणि एकदा गेला की गेला, त्या मॅचमध्ये परत नाही. त्यामुळे ही वीस-पंचवीस पावलं म्हणजे अख्ख्या खेळातला सगळ्यात न फिरवता येणारा निर्णय.

आजोबांच्या शेजारी जे बसलेत ते त्यांचे जावई, आकडेवारीचंच काम करतात, आणि मधे जी मुलगी नाचोज खातेय ती या दोघांच्या मधेच बसते, मुद्दाम. सासरे-जावयाचं पाच वर्षं एका गोष्टीवर पटलेलं नाही.

जावयांचं म्हणणं आधी घेऊ, कारण ते समजायला वेळ लागतो. एकाच पिचरला बॅटर पहिल्यांदा बघतो तेव्हा तो अंधारात असतो. माउंडपासून होमप्लेट, म्हणजे बॅटर उभा असतो ती जागा, ६० फूट ६ इंच, बॉल पोचायला अर्ध्या सेकंदाहून कमी, तेवढ्यात काय ओळखणार. दुसऱ्यांदा हात कुठून सुटतो ते कळायला लागतं. तिसऱ्यांदा स्लायडर, म्हणजे शेवटी वळणारा बॉल, कधी येणार याचा अंदाज येतो, आणि तोवर पिचरही दमलेला. अनेक वर्षांच्या, हजारो पिचर-बॅटर जोड्यांच्या आकड्यांत हे दिसतं, तिसऱ्या फेरीत बॅटर जास्त मारतात. चांगला पिचर असो, साधा असो, थोडंफार सगळ्यांनाच लागू. आणि नवव्या बार्न्सनंतर कोण? परत पहिला, बेट्स. तिसऱ्यांदा. कॅशनेही मॅचनंतर हेच कारण दिलं, बेट्स आणि सीगरने स्नेलला तिसऱ्यांदा बघायला नको होतं.

शिवाय रेज ही गरीब टीम. म्हणजे अमेरिकन हिशोबाने गरीब, खेळाडूंच्या पगारांत नेहमी तळाकडे. मोठे स्टार परवडत नाहीत, मग डोकं चालवायचं. २०१८ च्या मे महिन्यात यांनी सर्जिओ रोमो नावाच्या रिलीव्हरला, म्हणजे बदली पिचरला, जो एरवी शेवटी शेवटी येतो त्याला, पहिल्याच इनिंगला पाठवलं, कारण समोरच्यांचे सगळ्यात धोकादायक बॅटर पहिल्या इनिंगमध्ये हमखास येतात. तीन बॅटर, तीन स्ट्राइकआउट. दुसऱ्या दिवशी परत त्यालाच! लोक हसले, आणि मग बऱ्याच टीमनी तेच उचललं. अशाच डोक्याने रेज वर्ल्ड सिरीजला पोचले, मग सगळ्यात मोठ्या रात्री ते डोकं लॉकरमध्ये ठेवायचं का, असं जावई विचारतात, आणि प्रश्न चुकीचा नाहीये. २०२० मध्ये स्नेलने एकाही मॅचमध्ये पूर्ण सहा इनिंग टाकल्या नव्हत्या, हेही ते ऐकवतात.

[दृश्य: आजोबा. बोलत नाहीत. पेन्सिलला टोक काढतायत.]

आजोबा आकड्यांच्या विरोधात आहेत असं समजू नका, त्यांच्या घरी अशा कार्डांची आठ खोकी आहेत, आम्ही सगळी शूट केली. त्यांचं म्हणणं एवढंच की हजारो पिचरांची सरासरी म्हणजे आज समोर उभा असलेला हा माणूस नव्हे. आज याचा स्लायडर कुठे पडतोय, कॅचरला ग्लोव्ह हलवावा लागतोय का, बॅटर बॉल गेल्यावर बॅट फिरवतोय का, हेही आकडेच आहेत, फक्त डोळ्याने मोजलेले. आणि आकडेच हवे असतील तर दुसरा घ्या की. ज्याला आणलं तो निक अँडरसन, रेग्युलर सीझनमध्ये जबरदस्त, पण त्या प्लेऑफमध्ये त्याआधीच्या सलग सहा मॅचमध्ये त्याने रन दिले होते. तो आकडा कुणाच्या वहीत नव्हता? जावई म्हणतात, सहा मॅच म्हणजे नमुना फार छोटा. आजोबा म्हणतात, मग माझ्याच नमुन्याला छोटा का म्हणता. इथे दोघांचे आवाज चढले आणि मुलीने नाचोजचा ट्रे दोघांच्या मधे धरला, तो शॉट आम्ही ठेवलाय.

२००३ ला बरोब्बर उलटं झालेलं, बोस्टनचा मॅनेजर ग्रेडी लिटलने यँकीजविरुद्ध आठव्या इनिंगमध्ये पिचर पेद्रो मार्टिनेझला दमलेला असूनही ठेवलं, ५-२ ची लीड गेली, मॅच गेली, नोकरीही गेली. त्याचं आमच्याकडे चित्रण नाही, पुढे जाऊ.

[दृश्य: सेंट पीटर्सबर्ग. ट्रॉपिकाना फील्डचं उघडं छत, नुसत्या फासळ्या.]

हे रेजचं घर. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन वादळाने छताचं कापड फाडून नेलं, म्हणून २०२५ चा सीझन ते टँपाला, यँकीजच्या सरावाच्या मैदानात भाडेकरू म्हणून खेळले, दहा-अकरा हजारांचं छोटंसं, उघडं, उकाडा असा की कॅमेऱ्याची बॅटरी तापून बंद पडायची. याच फासळ्यांखाली स्नेल २०१८ मध्ये साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराचा, विजेता झाला, २१ विजय, १.८९ चा ईआरए (नऊ इनिंगमागे सरासरी दिलेले रन). तरी फॅन लोक त्याला पाच इनिंगचा पिचर म्हणायचे, अजून म्हणतात. २०२३ मध्ये त्याने सॅन डिएगोकडून परत साय यंग जिंकलं, आणि त्याच वर्षी ९९ वॉक दिले, सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक! आता असा माणूस मोठा की काठावरचा, हे कुठल्या एका आकड्याने ठरवणार? रेज फॅनमध्ये हा विषय काढा आणि बाजूला व्हा.

त्या रात्रीचं पुढचं: बेट्सचा डबल (दोन बेसचा फटका), एक वाइल्ड पिच (कॅचरला न सापडलेला भलता बॉल), सीगरचा हळू, जमिनीवरून गेलेला फटका, सहा बॉलांत डॉजर्स २-१ ने पुढे, शेवटी ३-१, डॉजर्सना १९८८ नंतर पहिलं विजेतेपद, नोव्हेंबरमध्ये कॅशला मॅनेजर ऑफ द इयर (मतं प्लेऑफच्या आधीच पडलेली), डिसेंबरमध्ये स्नेलला सॅन डिएगोला देऊन बदल्यात दुसरे खेळाडू घेतले.

[दृश्य: पुन्हा स्टेडियम, संध्याकाळ. नवं कार्ड.]

आजची मॅच, सहावी इनिंग, एक आउट, फर्स्टवर एक. कॅश डगआउटच्या पायरीवर आलाय. आजोबांनी पेन्सिल उचलून धरलीय, टेकवलेली नाही. जावई मोबाइलवरून मान वर करतात.

कॅश आत गेला.

आजोबांनी पुढच्या बॅटरची चौकट उघडली, आणि मुलीला म्हणाले, जरा नाचोज दे.