डर्बीशायर : चॅट्सवर्थला दोन तास, ईमला अख्खा दिवस

नमस्कार मंडळी! इंग्लंडमधल्या डर्बीशायर काउंटीला जायचं ठरवलं की आपली मंडळी काय करतात, तर सकाळी गाडी काढायची, चॅट्सवर्थ हाऊस, मग बेकवेलमध्ये पुडिंग खायचं, चार फोटो, आणि संध्याकाळी घरी. आता चॅट्सवर्थ वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही, ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या घराण्याचा वाडा आहे तो, बाग तर एवढी मोठी की पाय दुखतात. पण मला मनापासून वाटतं की डर्बीशायरचा खरा इतिहास त्या वाड्याच्या बाहेर, छोट्या गावांमध्ये आहे, आणि आज मी तुम्हाला तिकडेच नेणार आहे.

वाड्याला लागूनच एक गाव आहे, स्पेलिंग बघून तुम्ही एडेन्सर म्हणाल पण तिकडचे लोक एन्झर म्हणतात. हे गाव आधी वाड्यातून दिसायचं, आणि १८३० च्या दशकात सहाव्या ड्यूकने बरीचशी घरं तिथून उठवून जरा पलीकडे नवीन गाव वसवलं. आज प्रत्येक घर वेगळ्या घाटाचं, एकदम देखणं, पण तिथून चालताना मला सारखं वाटत होतं की ज्यांची जुनी घरं पाडली त्यांना कुणी विचारलं असेल का? चर्चमागच्या दफनभूमीत जोसेफ पॅक्स्टनची कबर आहे, म्हणजे चॅट्सवर्थच्या बागेचा मुख्य माळी, ज्याने पुढे १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभारला, तोच.

आता ईम, याच काउंटीतलं एक छोटं गाव. हे नाव लिहिताना Eyam असं लिहितात, पण उच्चार ईम, बसमध्ये विचारताना लक्षात ठेवा.

१६६५ साली लंडनमध्ये प्लेगने थैमान घातलं होतं. सांगतात असं की ईमच्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला, तो दमट होता म्हणून त्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स याने तो शेकोटीसमोर वाळत घातला, आणि त्यातल्या पिसवांनी घात केला. सप्टेंबरच्या सुरुवातीला व्हिकर्स गेला, गावातला पहिला बळी. मग शेजारची घरं. थंडीत जरा ओसरल्यासारखं झालं आणि १६६६ च्या उन्हाळ्यात परत उसळलं.

आणि मग गावाने जे केलं ना, त्यासाठी तुम्ही तिथे जायचं. विल्यम मॉम्पेसन हा तिथला तरुण पाद्री, आणि त्याच्या आधीचा थॉमस स्टॅनली, ज्याला धर्माच्या वादात पद सोडावं लागलं होतं. म्हणजे दोघांचं एरवी पटायचं काही कारण नव्हतं, पण दोघांनी मिळून गावाला तयार केलं की कुणी वेस ओलांडायची नाही, रोग आजूबाजूच्या गावांत जाऊ द्यायचा नाही. प्रार्थना चर्चमध्ये न करता बाहेर दरीत, उघड्यावर. ज्याच्या घरात माणूस गेलं त्यानेच त्याला पुरायचं. अन्न बाहेरचे लोक वेशीवर ठेवून जायचे, आणि चॅट्सवर्थवाल्या त्याच घराण्याने, तेव्हा ते अर्ल होते (ड्यूकच्या खालचा किताब), मदत पाठवली.

ईम आणि स्टोनी मिडलटन या गावांमधल्या पायवाटेवर तो वेशीचा दगड अजून आहे. एक साधा ओबडधोबड धोंडा, वरती सहा भोकं. त्या भोकांत व्हिनेगर ओतून ठेवायचे आणि त्यात पैशाची नाणी टाकायचे, म्हणजे रोग धुऊन जाईल अशी समजूत. मी गेले तेव्हा त्यात पावसाचं पाणी साठलं होतं, मी बोट घालून बघितलं, कडा अगदी गुळगुळीत झाल्यात, आणि मी बराच वेळ तिथेच बसून राहिले.

गावात चर्चजवळ प्लेग कॉटेजेस आहेत, समोर पाट्या लावल्यात, या घरात कोण कोण गेलं त्यांची नावं. त्या घरांत आजही लोक राहतात, तेव्हा खिडकीत डोकावून फोटो काढू नका प्लीज. चर्चच्या आवारात मॉम्पेसनच्या बायकोची, कॅथरीनची कबर आहे. मुलांना बाहेर पाठवलं पण ती नवऱ्याजवळ थांबली, आणि ऑगस्ट १६६६ मध्ये गेली.

गावाबाहेर टेकडीवर रायली ग्रेव्हज. शेताच्या मधोमध दगडी कुंपण, आत थोड्याशा कबरी. एलिझाबेथ हॅन्कॉक नावाच्या बाईने तिथे आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली, एकटीने. मी यावर जास्त काही बोलत नाही, तुम्ही तिथे जाऊन उभे राहा.

एकूण सुमारे २६० माणसं गेली.

दुसरा दिवस असेल तर क्रॉमफर्ड गाव. डर्बीहून मॅटलॉकची ट्रेन पकडायची. १७७१ मध्ये रिचर्ड आर्कराइटने, जो मूळचा न्हावी आणि केसांचे टोप बनवणारा, इथे पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभी केली. त्याच्या आधी इंग्लंडमध्ये ताण्यासाठी, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यासाठी, पुरेसं मजबूत सुती सूत निघत नव्हतं, ताणा लिननचा, म्हणजे जवसाच्या धाग्याचा, घालायचे. आपल्याकडचे लोक हाताने कातून जे करत होते ते याने यंत्राने केलं! मंडळी, आपल्या गिरणगावाच्या भोंग्याची, पाळीची, चाळीची गोष्ट मागे मागे नेली तर ती इथे येऊन पोचते. इथेही बारा बारा तासांच्या पाळ्या, दिवस-रात्र, आणि कामाला लहान मुलं. नॉर्थ स्ट्रीटवर १७७६ च्या सुमाराची कामगारांची तीन मजली घरं आहेत, वरच्या मजल्यावर लांबलचक खिडक्या, कारण तिथे माग चालायचा आणि उजेड लागायचा. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते, त्यामुळे त्या रस्त्यावर मला परकं असं वाटलंच नाही. २००१ पासून डरवेंट व्हॅलीतला हा गिरण्यांचा पट्टा जागतिक वारसा आहे.

जाता जाता, चेस्टरफील्डच्या चर्चचा पिळवटलेला कळस डर्बी-शेफील्ड ट्रेनमधूनही दिसतो, त्यासाठी वेगळा दिवस नको.

ईमला गाडी नसेल तर ग्रिंडलफर्ड स्टेशन जवळचं, पण पुढे चढ आहे, म्हणून शेफील्ड किंवा बेकवेलहून बस बघा आणि परतीची वेळ आधीच चेक करून ठेवा, रविवारी बस कमी असतात. बूट चांगले घाला, रायलीचा रस्ता पावसात निसरडा होतो. आणि जमलं तर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी जा, त्या दिवशी लोक अजूनही त्याच दरीत जमून, उघड्यावर, प्रार्थना करतात.