सोमवार अभ्यासाचा

श्रोतेहो, नमस्कार आणि सलाम.

गेल्या महिन्यात एक तरुण पाळक भेटायला आला. पदरी तीन गावांची मंडळी, घरात लहान मूल आणि एम.टी.एच.चा, म्हणजे ईशज्ञानातल्या (धर्मशास्त्रातल्या) पदव्युत्तर पदवीचा, प्रबंध दोन वर्षं तसाच पडलेला. म्हणाला, "सर, मिशनचं काम करू की पदवी पुरी करू?" मी विचारलं, "सोमवारी काय करतोस?" तो गोंधळला. तुम्हीही गोंधळला असाल, म्हणून सांगतो.

पाळकाचा रविवार पाळकाचा नसतो. शनिवार उपदेशाच्या तयारीत जातो. मंगळवारपासून घरभेटी, आजारी माणसं, भांडणं मिटवणं, कुणाच्या मुलाच्या दाखल्यासाठी कचेरीत हेलपाटे. उरला सोमवार. त्या दिवशी आपण झोपतो, नाहीतर जो बोलावील त्याच्याकडे चहाला जातो. माझं म्हणणं एवढंच, की सोमवार अभ्यासाचा. सकाळी आठ ते दुपारी एक, दार लावून. मयत झाली तर उठायचं. लग्नाची बोलणी असतील तर नाही उठायचं. ऐकताय ना? सोमवार अभ्यासाचा. आणि त्याला दोन्हीकडची परवानगी लागते, चर्चच्या मंडळींची आणि घरच्या मंडळींची. घरची आधी.

काम आणि अभ्यास एकत्र होत नाही, असं कुणी म्हणालं की मी पुणे जिल्ह्यातल्या केडगावकडे बोट दाखवतो. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळानंतर दोन हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या. त्यांचं जेवण, शाळा, आजारपण, विहिरी, शेती, सगळा व्याप बाईंच्या डोक्यावर. त्यातच त्या बायबलच्या मूळ भाषा, हिब्रू आणि ग्रीक, शिकल्या आणि सगळं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, साध्या मराठीत आणलं. संस्कृत ज्यांना मुखोद्गत, त्यांनीच बोजड संस्कृत शब्द वेचून बाहेर काढले. छपाईचे खिळे जुळवायला आश्रमातल्याच मुली. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. त्यांनी नावामागे एकही नवीन अक्षर लावलं नाही. हल्ली लग्नपत्रिकेवर आणि फ्लेक्सवर 'रेव्ह. डॉ.' इतके दिसतात, की मला सर्दीचं औषध मागावंसं वाटतं. पैसे भरून घरपोच येणारी डॉक्टरेट नको, त्यापेक्षा अर्धवट राहिलेला खरा प्रबंध बरा. असो. हे बोलायला मला बोलावलेलं नाही.

आता माझी गोष्ट. घरी सगळ्यांना पाठ आहे, तुम्ही पहिल्यांदा ऐकताय.

नेवासे तालुक्यात माझ्याकडे चार गावं होती. बी.डी., म्हणजे पाळकांची ईशज्ञानातली पहिली पदवी, बाहेरून करत होतो, सेरामपूरची. म्हणजे बंगालमधलं सेरामपूर. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी आणि त्याच्या सोबत्यांनी १८१८ साली तिथे कॉलेज काढलं आणि १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली. पण आमच्या गावाला श्रीरामपूर एकच माहीत, आपलं नगर जिल्ह्यातलं, साखर कारखान्याच्या वाटेवरचं. लोक म्हणायचे, "सायेब, एस.टी.नं तासाभराचा तर रस्ता, मग इतकी वर्षं का लागत्यात?"

ग्रीक शिकणारा कुठलाही विद्यार्थी सुरुवात एका क्रियापदाने करतो. आपण शाळेत 'देवः देवौ देवाः' घोकलं, तसं तिकडे 'लूओ, लूएइस, लूएइ, लूओमेन, लूएते, लूऊसि'. लूओ म्हणजे मी सोडतो, मोकळं करतो. दर सोमवारी मी पडवीत येरझाऱ्या घालत हे मोठ्याने म्हणायचो. शेजारी मंडळीतली एक म्हातारी राहायची. भिंतीपलीकडून तिने ते सगळं ऐकलं आणि स्वतःपुरतं ठरवून टाकलं, की साहेब दर सोमवारी देवाच्या भाषेत काहीतरी जबर प्रार्थना करतात.

मार्च महिना. दुसऱ्या दिवशी पुण्यात दहा वाजता ग्रीकचा पेपर. रात्रीच्या गाडीने निघायचं म्हणून पिशवी भरून बसलो होतो. नऊच्या सुमारास म्हातारीचा नातू बॅटरी घेऊन आला. "आजीनं बोलावलंय. म्हैस अडलीय."

मी म्हटलं, "अरे, ढोरांच्या डॉक्टरला बोलाव."

"डॉक्टर तालुक्याला हाय. आजी म्हन्ती, सायेबच पायजेत."

गेलो. गोठ्यात कंदील टांगलेला, खाली भुसा टाकलेला, म्हैस आडवी. शेजारचे एक जाणते गृहस्थ शर्ट काढून, कोपरापर्यंत गोडेतेल चोळून तयार होते. मी डोळे मिटले आणि मराठीत साधी प्रार्थना केली. आमेन म्हटलं. म्हातारी म्हणाली, "ही न्हाय सायेब. ती म्हना."

"ती कोणती, आजी?"

"सोमवारची. लुयो लुयो."

आता काय सांगणार? हा क्रियापदाचा तक्ता आहे म्हणून? मी म्हटलं, "आजी, ती प्रार्थना नाही, अभ्यास आहे." ती म्हणाली, "आसंल. म्हना." बाहेर रस्त्याला माझ्या गाडीचा हॉर्न वाजला, आणि गाडी गेलीही.

मग म्हटलं. एकवचन म्हटलं, अनेकवचन म्हटलं. वर्तमानकाळ संपला तसा भूतकाळ घेतला. ते जाणते गृहस्थ पारड्याच्या पुढच्या पायांना सुताची दोरी बांधून कळ आली की ओढत होते आणि मी त्यांच्या मागे उभा राहून लूसो, लूसेइस चालवत होतो. भविष्यकाळ. रात्री अडीचला म्हैस मोकळी झाली. पारडी जिवंत. म्हातारीने म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मोकळं करनारी पार्थना हाय ती. मला ठावं हुतं." श्रोतेहो, तिला कुणीच अर्थ सांगितला नव्हता हो. मी तिथे उभ्या उभ्या गार पडलो.

दुधाच्या गाडीने हमरस्त्यापर्यंत, तिथून ट्रकने पुणे. केंद्रावर पोचायला वीस मिनिटं उशीर, अंगाला गोठ्याचा वास, शेजारचा परीक्षार्थी बाक सरकवून बसला. आणि पेपरात लूओ नाहीच! विचारलं होतं दिदोमी, देणे. त्याचा तक्ता मी परतल्यावर करणार होतो. चार गुणांनी गेलो.

आठवड्याने म्हातारी खरवस घेऊन आली. बऱ्याच दिवसांनी निकाल कळला तेव्हा तिनेच विचारलं, "काय झालं परीक्षेचं?" म्हटलं, "नापास, आजी." ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आवं, मंग म्हशीला कशी कळली?"

(हसू) माफ करा. दरवेळी मलाच हसू येतं.

वेळ थोडा राहिलाय. कामाचं पटकन सांगतो. प्रबंधाचा विषय ग्रंथालयात बसून शोधू नका, आपल्या गावात शोधा. मला माझा त्या गोठ्यात मिळाला. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, अठरा वर्षं कंबरेत वाकलेली बाई आहे. येशू तिला शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या, दिवशी बरं करतो. सभास्थानाचा अधिकारी रागावतो. येशू म्हणतो, शब्बाथाला तुम्ही बैल, गाढव सोडून पाण्यावर नेताच ना? मग हिला का सोडवू नये? मूळ ग्रीकमध्ये बैलाचं सोडणं आणि बाईचं सुटणं, दोन्हीकडे क्रियापद एकच. लूओ. शंभर वेळा घोकूनही मला ते दिसलं नव्हतं. पुढे एम.टी.एच.ला मी त्याच अध्यायावर लिहिलं.

दुसरं. काम सोडून वसतिगृहात जाणं हाच एक मार्ग नाही. १९६३ साली मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात प्रेस्बिटेरियन सेमिनरीने, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयाने, उलटं केलं. पाळकांना बोलावण्याऐवजी शिक्षकच दर आठवड्याला त्यांच्या भागात जाऊ लागले. विस्तारित ईशज्ञान शिक्षण जगभर पसरलं ते तिथून, आपल्याकडेही आलं. कॅथलिकांचे येशूसंघीय, म्हणजे जेझुइट, तर तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांच्या मध्ये उमेदवाराला मुद्दाम कामावर धाडतात, शाळेत, मिशनवर. आमच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांनी हे सर्रास का उचललं नाही, कोण जाणे. आम्ही प्रोजेक्टर मात्र लगेच उचलला.

आणि तिसरं तुम्हाला पाठ झालंच असेल. सोमवार. पहिले सहा महिने लोक दार वाजवतील, रुसतील, साहेबांना शिंगं फुटली म्हणतील. मग तेच एकमेकांना सांगू लागतात, आज नको, आज सोमवार आहे.

काचेपलीकडून खूण होतेय. निघतो. आज सोमवारच आहे, आणि या वयात हिब्रू पुन्हा काढलंय. वही टेबलावर उघडीच ठेवून आलोय, वर पंखाही चालू राहिलाय बहुतेक.