सापाचं पुस्तक

श्रोतेहो, नमस्कार.

मी शाळेत ग्रंथपाल आहे. पावसाळ्याचे दिवस होते. सातवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या दारात येऊन म्हणाली, "बाई, सापाचं पुस्तक हाय?" नागोबाच्या गोष्टींचं पुस्तक माझ्या हाताशीच होतं. तरी मी विचारलं, "गोष्ट वाचायची आहे का?" तिनं नकारार्थी मान हलवली. थोडं बोलतं केल्यावर कळलं, तिच्या घराला लागूनच ऊस आहे आणि आदल्या संध्याकाळी गोठ्यात साप निघाला होता. वडील काठी घेऊन धावले, तर आजी म्हणाली, धामण आहे, उंदीर खाते, जाऊ दे. आजीचं खरं की वडिलांचं, एवढंच तिला बघायचं होतं. मी चित्रांचं पुस्तक काढून दिलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही पानं तिनं पुन्हा पुन्हा उलटली. "आजीला दाखवतो आणि उद्या देतो," म्हणाली. आपल्या कोल्हापूरच्या मुली अशाच बोलतात आणि मला ते ऐकायला फार आवडतं.

या विचारपुशीला आमच्या शास्त्रात संदर्भसेवा म्हणतात. वाचक मागतो एक आणि त्याला हवं असतं दुसरंच. मुलांच्या बाबतीत तर हे फारच होतं, कारण नेमकं काय हवंय ते सांगायला त्यांच्याकडे शब्द नसतात. ते ओळखणं मला उपजत येत नव्हतं, मी ते शिकले. डॉ. एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि हे काम शिकण्यासाठी लंडनला गेले. पुढे १९३१ साली त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत प्रसिद्ध झाले. पहिला सिद्धांत असा, की ग्रंथ उपयोगासाठी आहेत. एवढ्या बुद्धिमान माणसालाही हे काम शिकावं लागलं. मग शाळेतल्या कपाटाची किल्ली ज्याचा तास रिकामा असेल त्याच्या हाती देऊन आपलं कसं भागेल?

शिकण्याची सोय लांब नाही. ग्रंथालय प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम आहे. पदवीनंतर शिवाजी विद्यापीठात ग्रंथालय आणि माहितीशास्त्राची पदवी घेता येते. वर्गीकरण, तालिकीकरण म्हणजे पुस्तकांची सूची करणं, संदर्भसेवा, संगणकावरची देवघेव असं सगळं त्यात येतं. पण एक उणीव मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी जाणवली. मुलांसमोर पुस्तक मोठ्यानं कसं वाचावं, अडखळत वाचणाऱ्या मुलाला कोणतं पुस्तक द्यावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शिक्षक होणाऱ्याला वर्गात सराव पाठ घ्यावे लागतात. शालेय ग्रंथपाल होणाऱ्यानंही काही आठवडे मुलांच्या ग्रंथालयात बसून शिकायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, तिथं वर्तमानपत्रं, मासिकं आणि पुस्तकं असावीत, असं लिहिलं आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक, म्हणजे ते विषय शिकवणारी माणसंही सांगितली आहेत. ग्रंथपाल मात्र त्या यादीत नाही. पुस्तकं आली, पण ती मुलाच्या हातापर्यंत नेणारं माणूस कागदावरच आलं नाही.

असं माणूस नसलं की काय होतं, ते मी २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर पाहिलं. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या एका शाळेत मदतीला गेले होते. तिथं ग्रंथपाल नव्हते. गावकऱ्यांनी मोठ्या आपुलकीनं भिजलेली पुस्तकं गच्चीवर कडक उन्हात पसरली होती. कागद आक्रसून वेडावाकडा झाला होता, गुळगुळीत चित्रांची पानं एकमेकांना चिकटून दगड झाली होती. ओली पुस्तकं सावलीत, पंख्याखाली, पानापानांत टीपकागद घालून वाळवायची असतात आणि तीही लगेच, कारण दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. त्याहून वाईट म्हणजे दाखल नोंदवही, जिच्यात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते, ती सगळ्यांत खालच्या कप्प्यात होती. तिचा लगदा झाला होता. कोणती पुस्तकं गेली, हे सांगायलाही काही उरलं नव्हतं. मी त्या गच्चीवर बराच वेळ नुसती उभी होते.

पालकहो, पुढच्या वेळी शाळेत जाल तेव्हा निकालाबरोबर एवढंही विचारा: ग्रंथपाल आहेत का? मुलांना आठवड्यातून एक तास ग्रंथालयात नेतात का? की त्या तासाला गणिताचा राहिलेला भाग पुरा होतो? पाच-दहा पालकांनी विचारलं तरी मुख्याध्यापकांना वेळापत्रक काढून बघावं लागतं.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आली. आजीचंच खरं निघालं होतं. पण पुस्तक परत करताना तिनं ते घट्ट धरून ठेवलं आणि विचारलं, "बाई, आजी म्हणती, मण्यारीचं अजून काय हाय?"